आतड्याची पट्टी कॅल्शिअमशिवाय थांबते, मग पायाचा स्नायू का थांबत नाही?

तिसरी_बॅच

फार्मसीच्या प्रात्यक्षिकाबद्दल विचारायचं आहे. धागा चुकीच्या विभागात असेल तर हलवावा.

मांडणी अशी: कोंबडीच्या इलियमचा (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा) साधारण ३ सेंमी तुकडा, तो टांगायला ३० मिलीचा ऑर्गन बाथ, टायरोड द्रावण (तुकडा जिवंत ठेवणारं क्षार-ग्लुकोजचं पाणी), ३७ अंश तापमान, फिशटँकच्या पंपाने हवा, १ ग्रॅम ताण, आलेख काढायला साधा फ्रंटल लीव्हर. औषध असेटिलकोलिन, १० मायक्रोग्रॅम प्रति मिली. डोस ०.१, ०.२, ०.४ आणि ०.८ मिली.

१) पहिल्या दोन डोसना प्रतिसाद छान येतो. मग तोच डोस पुन्हा दिला तरी उंची कमी, आणि तळरेषा मात्र हळूहळू वर चढत जाते. असं का?

२) कॅल्शिअम न घातलेलं टायरोड भरलं की काही मिनिटांत तुकडा गप्प होतो. पायाचा स्नायू असा लगेच थांबत नाही असं सांगितलं गेलं. दोन्ही स्नायूच, दोन्हींना कॅल्शिअम लागतं. मग फरक कुठे?

३) अपट्टकी (बिनपट्ट्यांच्या, उदा. आतड्याच्या) स्नायूत ट्रोपोनिन हे कॅल्शिअम धरणारं प्रथिनच नाही असं पुस्तकात आहे. मग कॅल्शिअम जाऊन चिकटतं कशाला?

४) असेटिलकोलिनने आतडं आकसतं आणि रक्तवाहिनी सैल पडते. एकच औषध, एकाच जातीचा स्नायू, परिणाम उलटे. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात म्हणे.

---

काचेची_नळी

पहिल्या प्रश्नाचं मी बघतो, बाकीचं जाणकार सांगतील. तीन-चार वेगळ्या चुका एकत्र आल्या की नेमकं हेच चित्र दिसतं, म्हणून एकेक तपासा.

आधी द्रावण. एक लिटर टायरोडला सोडिअम क्लोराइड ८ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड ०.२, कॅल्शिअम क्लोराइड ०.२, मॅग्नेशिअम क्लोराइड ०.१, सोडिअम बायकार्बोनेट १, सोडिअम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०५, ग्लुकोज १ ग्रॅम. यातला ०.२ ग्रॅमचा आकडा निर्जल कॅल्शिअम क्लोराइडचा आहे. कपाटातली बाटली बहुतेक वेळा डायहायड्रेटची, म्हणजे रेणूत पाणी बांधलेल्या क्षाराची, असते. ती वापरायची तर ०.२६५ ग्रॅम घ्या. मॅग्नेशिअमचं तसंच, हेक्साहायड्रेट असेल तर ०.१ नव्हे, ०.२१ ग्रॅम. लेबल न वाचता वजन केलं की कॅल्शिअम एक चतुर्थांशाने कमी पडतं, आणि दोष बिचाऱ्या कोंबडीवर जातो.

कॅल्शिअम क्लोराइड वेगळ्या चंचुपात्रात विरघळवून, बाकी सगळं भरपूर पातळ झाल्यावर, सर्वांत शेवटी ढवळत घाला. बायकार्बोनेट आणि फॉस्फेटच्या दाट द्रावणात ते थेट टाकलं तर पांढरट गढूळपणा येतो. तो कॅल्शिअम कार्बोनेट आणि फॉस्फेटचा साका. म्हणजे वजन बरोबर करूनही द्रावणातलं कॅल्शिअम गेलं. असं द्रावण गाळून वापरू नका, ओतून द्या. ग्लुकोज त्याच दिवशी घाला. रात्रभर ठेवलेल्या ग्लुकोजच्या द्रावणात जंतू वाढतात, पुण्याच्या पावसाळ्यात तर फारच लवकर.

नुसत्या हवेच्या बुडबुड्यांनी कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच वर सरकतो. दोन तासांच्या बॅचला टायरोड हवेवर चालून जातं, पण ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण मिळत असेल तर तेच लावा. बुडबुडे बारीक आणि संथ हवेत. जोराचे असले की लीव्हर थरथरतो आणि आलेखावर दाढी उगवते.

आता तुकडा. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून किंवा कॉलेजजवळच्या चिकनच्या दुकानातून आतडं आणत असाल तर थर्मासमध्ये बर्फावर गार केलेलं टायरोड घेऊनच जा. पक्षी कापल्यावर लगेच आतडं त्यात गेलं पाहिजे. कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून सिंहगड रस्त्याच्या गर्दीतून तासाभराने आणलेलं आतडं बाथमध्ये टांगण्यात अर्थ नाही. कोंबडीला दोन अंधांत्रं असतात आणि ती इलियमला समांतर चिकटलेली असतात, त्यामुळे जागा ओळखायला सोपी. आतला मळ पिपेटने टायरोड सोडून हळूच धुवा. बोटांनी निपटून काढू नका. आतलं अस्तर आणि चेतातंतूंचं जाळं चिरडतं.

दोरा बांधताना सुई भिंतीच्या एका बाजूतूनच काढा, आतड्याचं तोंड उघडं राहू द्या. संपूर्ण तोंड आवळून गाठ मारली की आत हवा आणि श्लेष्मा अडकतो, तुकडा फुगतो, आणि तळरेषा चढण्याचं एक कारण तिथेच तयार होतं.

टांगल्यावर निदान ३० मिनिटं स्थिरावू द्या आणि दर १० मिनिटांनी द्रावण बदला. मग डोस: औषध ३० सेकंद, मग तीनदा धुणं, आणि एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंत ५ मिनिटं. घाईत चक्र २ मिनिटांवर आणलं की मागचं असेटिलकोलिन पुरतं निघत नाही (तळरेषा वर) आणि ग्राही (पेशीवरच्या औषध लागायच्या जागा) थकतात (उंची खाली). तुमची लक्षणं हीच वाटतात.

दुसरा संशयित म्हणजे औषधच. असेटिलकोलिन आम्लात टिकतं, उदासीन आणि अल्कली द्रावणात त्याचं विघटन होतं. मूळ साठा पीएच ४ च्या आसपास ठेवा, पातळ द्रावण रोजचं रोज करा आणि परीक्षानळी बर्फात उभी करा. टेबलावर पंख्याखाली दोन तास पडलेल्या नळीत लेबलवर लिहिलेलं प्रमाण राहिलेलं नसतं.

तुकडा मेला की औषध मेलं हे ठरवायला एक सोपी चाचणी आहे. ३ मोलर पोटॅशिअम क्लोराइड (१०० मिलीला २२.४ ग्रॅम) करून ठेवा आणि त्यातलं ०.६ मिली बाथमध्ये घाला. ३० मिलीत पोटॅशिअम साधारण ६० मिलिमोलरने वाढतं आणि पेशीपटल विध्रुवित होऊन (त्याचा विद्युतदाब घटून) थेट आकुंचन येतं. यावर तुकडा जोरात ओढला गेला, पण असेटिलकोलिनवर हलत नाही, तर औषध बदला. दोन्हींना गप्प, तर दुसरा तुकडा टांगा.

---

पेठकर_४११०३०

एवढं कशाला? डिसेंबरातल्या सकाळच्या बॅचला थर्मामीटर कुठे खुपसलाय ते बघा. बाहेरच्या टाकीत ३७ दाखवतो आणि आतल्या नळीत ३३ असतात. तापमान कमी म्हणजे आकुंचन संथ, आणि सैल पडणं त्याहून संथ.

बाकी तिसरा प्रश्न सोपा आहे. अपट्टकी म्हणजे अनैच्छिक स्नायू. इच्छेने चालत नाही म्हणून ट्रोपोनिन नाही.

---

कॅल्मोड्युलिन_काका

पेठकर, तापमानाचं शंभर टक्के बरोबर. दुसरा परिच्छेद मात्र मागे घ्या. हृदय अनैच्छिकच आहे, पण त्यात पट्टे आहेत आणि ट्रोपोनिनही आहे. अन्ननलिकेचा वरचा भाग पट्टकी असूनही गिळणं एकदा सुरू झालं की तो तुमचं ऐकत नाही. इच्छा ही चेतासंस्थेची बाब झाली, ट्रोपोनिन हा तंतूंच्या रचनेचा भाग. दोघांची गाठ घालू नये.

आता तिसरा प्रश्न आधी घेतो, कारण दुसऱ्याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

आकुंचनात मायोसिनचे तंतू ॲक्टिनच्या तंतूंना ओढतात. पट्टकी स्नायूत कुलूप ॲक्टिनवर असतं. मायोसिनची डोकी कामाला तयारच असतात, पण ट्रोपोमायोसिनने जागा झाकलेली असते. कॅल्शिअम ट्रोपोनिन-सी ला लागलं की झाकण सरकतं आणि ओढाओढ सुरू. अपट्टकी स्नायूत मुख्य कुलूप मायोसिनवर आहे. कॅल्शिअमचे चार आयन कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतात. ही जोडी मायोसिन लाइट चेन कायनेज या विकराला (एन्झाइमला) जागं करते. ते विकर एटीपीमधला फॉस्फेट काढून मायोसिनच्या २० किलोडाल्टनच्या हलक्या साखळीवर, १९ व्या सेरीनवर, बसवतं. तो बसल्यावरच डोकं ॲक्टिनला धरून ओढू लागतं. सैल पडायला फॉस्फेट काढावा लागतो. त्यासाठी मायोसिन फॉस्फेटेज हे दुसरं विकर.

म्हणजे नुसतं कॅल्शिअम कमी होऊन भागत नाही, फॉस्फेटेजलाही त्याचं काम करायला वेळ मिळावा लागतो. सगळा संथपणा इथून येतो. आतड्यासारख्या नमुनेदार अपट्टकी स्नायूत उत्तेजनानंतर ५० ते १०० मिलिसेकंदांनी आकुंचन सुरू होतं, अर्ध्या सेकंदात पुरं भरतं आणि पुढच्या एक-दोन सेकंदांत ओसरतं. पट्टकी स्नायूचा एक झटका याच्या तुलनेत कुठच्या कुठे संपलेला असतो. वर काचेची_नळी यांनी ३० सेकंद आणि ५ मिनिटं सांगितली त्यांच्यामागे हीच साखळी आहे, शिवाय औषध भिंतीत झिरपायचा वेळ.

संथ म्हणजे दुबळा मात्र नव्हे. ही चूक उत्तरपत्रिकांत फार दिसते. काटछेदाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला अपट्टकी स्नायू ४ ते ६ किलो ताण देऊ शकतो, पट्टकी ३ ते ४ किलो. आणि तोच ताण धरून ठेवायला लागणारी ऊर्जा पट्टकीच्या दहाव्या भागापासून तीनशेव्या भागापर्यंत इतकी कमी. याचं कारण असं की आकुंचन टिकलेलं असताना फॉस्फेट काढून घेतलेली कितीतरी डोकी ॲक्टिनला धरूनच राहतात आणि अगदी सावकाश सुटतात. इंग्रजीत याला लॅच म्हणतात. दार हाताने दाबून धरण्यापेक्षा कडी घालावी तसं. १९८१ पासून ही कल्पना चर्चेत आहे, आणि ती नेमकी कशी घडते यावर शरीरक्रियाशास्त्रज्ञ आजही भांडतात. धमन्या चोवीस तास ताणात असतात आणि कधी दमत नाहीत ते या कडीमुळे.

आणखी एक बारकावा. कॅल्शिअम तेवढंच ठेवूनही ताण वाढवता येतो. ऱ्हो-कायनेज हे विकर फॉस्फेटेजला दाबून टाकतं, मग फॉस्फेट जास्त काळ टिकतो. त्यामुळे ‘जितकं कॅल्शिअम तितकं आकुंचन’ हे वाक्य अपट्टकीसाठी सरसकट लिहू नका.

आता दुसरा प्रश्न. तिन्ही स्नायूंना पेशीच्या आत कॅल्शिअम लागतं. ते येतं कुठून, इथे वाटा फुटतात.

पायाच्या स्नायूत टी-नलिकेवरच्या (पटल आत वळून झालेल्या नळीवरच्या) कॅल्शिअम वाहिनीचं खरं काम व्होल्टेज ओळखणं. ती आतल्या कोठाराच्या, म्हणजे सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या, रायनोडीन ग्राहीला सरळ टेकलेली असते. ती हलली की कोठाराचं दार उघडतं. बाहेरून कॅल्शिअम आत यायची गरजच पडत नाही. कोठार मोठं, आणि सोडलेलं कॅल्शिअम पंप परत आत भरतो. म्हणून बाहेर कॅल्शिअम नसतानाही स्नायू बराच वेळ झटके देत राहतो.

हृदयात बाहेरून थोडं कॅल्शिअम आत यावंच लागतं. ते ठिणगीसारखं कोठार उघडतं. ठिणगी बंद, हृदय बंद.

अपट्टकी पेशी २ ते १० मायक्रॉन जाडीची, दोन्ही टोकांना निमुळती, मधोमध एकच केंद्रक. टी-नलिका नाहीत, पटलावर नुसते कॅव्हिओली नावाचे खळगे. कोठार तुटपुंजं. पेशी इतकी बारीक की बाहेरून आलेलं कॅल्शिअम झटकन मध्यापर्यंत पोचतं, त्यामुळे मोठ्या कोठाराचा संसार तिने मांडलेलाच नाही. असेटिलकोलिन एम-३ ग्राहीला लागल्यावर आयपी-३ हा संदेशवाहक रेणू तयार होऊन कोठारातलं थोडं कॅल्शिअम सुटतं खरं, पण आतड्यात मुख्य पुरवठा एल-प्रकारच्या वाहिन्यांतून बाहेरचाच. बाहेरचं काढलंत, तुकडा थांबला. धमनीच्या पट्टीवर नॉरॲड्रेनलिन देऊन हाच प्रयोग केलात तर पहिला प्रतिसाद थोडाफार मिळतो आणि दुसरा जवळजवळ नाही. कोठार एकदा रिकामं झालं आणि भरायला बाहेर काही नाही.

हा प्रयोग करताना दोन सापळे आहेत. पायाचा स्नायू चेतेतून उत्तेजित केलात तर तोही कॅल्शिअमशिवाय थांबेल, पण दोष स्नायूचा नसेल. चेतेच्या टोकातून असेटिलकोलिन सुटायलाच बाहेरचं कॅल्शिअम लागतं. इलेक्ट्रोड थेट स्नायूवर लावा. दुसरा सापळा पाण्याचा. सिडनी रिंगर लंडनमध्ये बेडकाच्या हृदयावर काम करत होते. त्यांची आधीची द्रावणं नळाच्या पाण्यात केलेली निघाली. ऊर्ध्वपातित पाणी घेतल्यावर हृदय मंदावून थांबलं, आणि त्यावरून १८८३ मध्ये कॅल्शिअमचं महत्त्व कळलं. तेव्हा ‘कॅल्शिअम घातलं नाही’ आणि ‘कॅल्शिअम नाही’ यांत फरक आहे. काचेला लागलेलं आणि क्षारांतलं उरलंसुरलं पकडायला थोडं ईजीटीए घालतात.

---

भूल_विभाग

चौथा प्रश्न मी घेते.

आतड्यात असेटिलकोलिन थेट स्नायूवरच्या एम-३ ग्राहीला लागतं आणि वर काकांनी सांगितलेली साखळी सुरू होते. रक्तवाहिनीत ते आतल्या अस्तराच्या, म्हणजे एंडोथेलियमच्या, पेशींना लागतं. त्या पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात. हा वायू शेजारच्या स्नायूपेशीत शिरून चक्रीय जीएमपी हा आतला संदेशवाहक वाढवतो. त्याने आतलं कॅल्शिअम घटतं आणि फॉस्फेटेजला जोर येतो, म्हणून वाहिनी सैल पडते. तेव्हा ‘परिणाम उलटा’ म्हणण्याऐवजी ‘औषध वेगळ्या पेशीला लागलं’ असं लिहा.

हे कळलंही एका हाताळणीच्या चुकीतून. महाधमनीच्या पट्ट्या कापताना अस्तर घासून निघत असे आणि असेटिलकोलिनने त्या सैल पडत नसत. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं की अस्तर शाबूत असेल तरच सैल पडतं. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना याच विषयासाठी १९९८ चं नोबेल मिळालं. तुम्ही बकऱ्याच्या धमनीचं वलय टांगलंत तर आतून चिमटा फिरवू नका, आणि आधी नॉरॲड्रेनलिन देऊन ताण आणा. मुळात सैल असलेली वाहिनी आणखी काय सैल पडणार? ‘काहीच प्रतिसाद नाही’ असं लिहून आणणाऱ्या गटांनी बहुधा ही पायरी गाळलेली असते.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर हे फरक रोज वापरात असतात. व्हेक्युरोनियम दिलं की हात, पाय, पोटाची भिंत, श्वासपटल सगळं लुळं पडतं; म्हणून तर कृत्रिम श्वास द्यावा लागतो. पण आतडं आणि गर्भाशय त्याला दाद देत नाहीत. ते औषध चेता-स्नायू जोडावरच्या निकोटिनिक ग्राहीला अडवतं, आणि अपट्टकी स्नायूला तसा जोडच नसतो. तिथे चेतातंतूवर मण्यांसारखे फुगवटे असतात आणि ते रसायन आसपास सोडून देतात. शेवटी भूल उलटवायला निओस्टिग्मिन देतो तेव्हा असेटिलकोलिन सगळीकडेच वाढतं. स्नायूंना ताकद येते, पण एकट्याने दिलं तर नाडी मंदावते, लाळ वाढते, श्वासनलिका आकसू शकतात, आतडं वळवळतं. म्हणून हे परिणाम रोखायला सोबत ग्लायकोपायरोलेट. सेव्होफ्लुरेनसारखे भुलीचे वायू मात्र गर्भाशय डोसप्रमाणे ढिलं करतात. सिझेरियनमध्ये बाळ बाहेर आल्यावर वायूचं प्रमाण आटोक्यात ठेवून ऑक्सिटोसिन देतात ते यासाठीच: वारेच्या जागेच्या रक्तवाहिन्या तिथले स्नायूतंतूच आवळून बंद करतात.

---

तिसरी_बॅच

सर्वांचे आभार. चक्र खरंच २ मिनिटांचं होतं, एका बॅचमध्ये चार गट बसवायचे म्हणून. आणि बाटली डायहायड्रेटची निघाली.

दोन शंका उरल्या. औषध न देताही तुकडा आपोआप वरखाली होतो, ते कुठून येतं? आणि चक्रीय एएमपीने हृदय जोरात चालतं, तर सालब्युटामॉल या दम्याच्या औषधाने तेच वाढून श्वासनलिका सैल कशी पडते?

---

कॅल्मोड्युलिन_काका

आपोआप हलणं हा बिघाड नाही. आतड्याच्या भिंतीत काहालच्या अंतराली पेशी असतात, त्या पटलाच्या विद्युतदाबात मंद लाटा उठवतात. माणसात जठराच्या मिनिटाला ३, ड्युओडेनमच्या १२, इलियमच्या शेवटाला ८-९. लाट उंच गेली तरच तिच्या माथ्यावर स्पाइक उमटतात आणि आकुंचन येतं. असेटिलकोलिन लाट वर ढकलतं. पेशी गॅप जंक्शननी जोडलेल्या, म्हणून सगळा तुकडा एकदम हलतो. बुबुळाच्या पडद्यात किंवा अंगावर काटा आणणाऱ्या स्नायूंत असं नसतं, तिथे तंतू सुटेसुटे चालतात. आलेखात हालचाल फार नडत असेल तर बाथ ३२-३४ अंशांवर आणा, पण मग सगळे डोस त्याच तापमानाला घ्या. वहीतही तेच तापमान लिहा. ३७ लिहायची सवय असते.

चक्रीय एएमपीचं: दोन्हीकडे ते प्रोटीन कायनेज-ए चालू करतं, पण त्याला समोर जे सापडतं ते वेगळं. हृदयात ते कॅल्शिअमची आवक वाढवतं आणि कोठार भरायचा वेगही वाढवतं, म्हणून पुढचा ठोका जोरात. श्वासनलिकेच्या स्नायूत ते पोटॅशिअमच्या वाहिन्या उघडून आणि आयपी-३ चा मार्ग दाबून कॅल्शिअम खाली आणतं. ‘मायोसिन कायनेजवर फॉस्फेट बसून ते मंदावतं’ हे कारण पुस्तकात पहिलं असतं. लिहा, पण एकटं लिहू नका. जिवंत पेशीत त्याचा वाटा किती यावर शंका घेतलेल्या आहेत.

---

काचेची_नळी

चार गटांचं गणित: चार बाथ नसतील तर एकाच तुकड्यावर चारही डोस दोनदा, म्हणजे आठ चक्रं, ४० मिनिटं. सगळ्यांनी तोच आलेख वाचावा. ०.२ मिलीला ३० मिली बाथमध्ये अंतिम प्रमाण ०.०६७ मायक्रोग्रॅम प्रति मिली येतं, म्हणजे क्लोराइड क्षाराच्या हिशेबाने सुमारे ३.७ × १०⁻⁷ मोलर. आलेखाच्या आडव्या अक्षावर मिली लिहू नका, याचा लॉग घ्या.

---

पेठकर_४११०३०

दुसरा परिच्छेद मागे. थर्मामीटर आतल्या नळीतच.